पॉज दाबून पाहिलेला सिनेमा : जॉन वॉटर्सच्या फोटोंची गोष्ट

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ गाळलेत, बाकी मजकूर तोच. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी वाचता येईल.

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. एखादा माणूस टीव्हीसमोर बसला, स्क्रीनवरच्या सिनेमाचे त्याने कॅमेऱ्याने फोटो काढले आणि ते मोठे करून म्युझियमच्या भिंतीवर लावले. तर ते फोटो कोणाचे? ज्याने मूळ सिनेमा केला त्याचे, की ज्याने हजारो फ्रेम्समधून नेमकी तीच उचलली त्याचे? आणि याला कला म्हणायचं का?

हा उद्योग १९९२ पासून करणारा माणूस म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक जॉन वॉटर्स. त्याचे सिनेमे बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असतात. त्याची फोटोग्राफी मात्र फार कमी लोकांनी पाहिलीय. मला वाटतं, सिनेमा कसा बघायचा हे त्या फोटोंइतकं नीट फार कमी गोष्टी शिकवतात.

आधी हा माणूस कोण?

जन्म १९४६. गाव बाल्टिमोर, म्हणजे मेरीलँड राज्यातलं बंदराचं शहर. उघडपणे गे. पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी बारीक मिशी, हीच त्याची ओळख. मित्रमंडळी गोळा करून, जवळपास रिकाम्या खिशाने त्याने सिनेमे करायला सुरुवात केली. १९७२ च्या ‘पिंक फ्लेमिंगोज’मध्ये ‘जगातला सगळ्यात घाणेरडा माणूस कोण’ या किताबासाठी चढाओढ लागते. शेवटच्या सीनमध्ये त्याची मुख्य कलाकार डिव्हाइन रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा उचलून तोंडात घालते. ट्रिक नाही, खरोखर. लोकांनी नाकं मुरडली आणि मध्यरात्रीच्या शोला रांगाही लावल्या. लेखक विल्यम बरोज यांनी त्याला ‘कचऱ्याचा पोप’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

पण नुसती किळस आणणं एवढंच त्याचं काम असतं तर आज त्याच्यावर एपिसोड करावासा वाटला नसता. वॉटर्सची खोडी वेगळी आहे. ‘सभ्य काय’ हे ठरवण्याचा मक्ता ज्यांनी घेतलाय, त्यांची तो टर उडवतो. त्याच्या स्वतःच्या राज्यात, मेरीलँडमध्ये, १९१६ पासून राज्य सरकारचं सेन्सॉर बोर्ड होतं. बाकीच्या राज्यांनी आपापली बोर्डं गुंडाळली, तरी हे १९८१ पर्यंत टिकून होतं. म्हणजे वॉटर्सचे सुरुवातीचे सिनेमे आणि सरकारी कात्री एकाच गावात नांदत होते. कोणती फ्रेम लोकांनी बघायची आणि कोणती नाही, हे ठरवणारं कोणीतरी खुर्चीत बसलेलं असतं, हे त्याला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जो फोटो अस्तित्वातच नव्हता

१९९२ मध्ये वॉटर्सला आपल्याच एका जुन्या सिनेमातला एक फोटो हवा होता. सिनेमा ‘मल्टिपल मेनियाक्स’, साल १९७०, कृष्णधवल, बजेट सुमारे पाच हजार डॉलर. फोटो हवा होता डिव्हाइनचा, एका ठरावीक क्षणाचा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण पोस्टरवर किंवा पेपरात सिनेमाचे जे फोटो बघतो, ते बहुतेक वेळा सिनेमातल्या फ्रेम्स नसतात. सेटवर एक वेगळा स्टिल फोटोग्राफर असतो, तो प्रसिद्धीसाठी वेगळे फोटो काढतो. वॉटर्सला हव्या असलेल्या क्षणाचा असा स्टिल कोणी काढलेलाच नव्हता. तो क्षण फक्त चालत्या सिनेमात होता, येऊन निघून जाणारा. मग त्याने टीव्हीवर सिनेमा लावला आणि स्क्रीनचाच फोटो काढला. ‘डिव्हाइन इन एक्स्टसी’ हे त्या कामाचं नाव. त्याच्या फोटोग्राफीची सुरुवात इथून झाली.

आता डिव्हाइन कोण, ते सांगतो. खरं नाव हॅरिस ग्लेन मिलस्टेड. वॉटर्सचा किशोरवयापासूनचा मित्र. शाळेत मारहाण सोसलेला, जाडा, हळवा मुलगा. भडक मेकअप, अर्ध्या कपाळापर्यंत चढलेल्या भुवया आणि अंगाला घट्ट बसणारा गाऊन घालून तो पडद्यावर आला, की समोरचे सगळे फिके पडायचे. १९८८ च्या फेब्रुवारीत दोघांचा ‘हेअरस्प्रे’ प्रदर्शित झाला. पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा सिनेमा, पहिल्यांदाच सगळीकडून कौतुक. आणि त्याच वर्षी ७ मार्चला लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात डिव्हाइन झोपेतच गेला. हृदय वाढलं होतं. वय ४२. दुसऱ्या दिवशी टीव्ही मालिकेचं शूटिंग ठरलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच कंपूतली अभिनेत्री आणि लेखिका कुकी म्युलर एड्सने गेली.

डिव्हाइन गेल्यानंतर चार वर्षांनी वॉटर्स टीव्हीसमोर कॅमेरा घेऊन बसला. गेलेल्या मित्राचा नवा फोटो काढता येत नाही. पण त्याने तो काढला. फिल्मवर मित्र अजून हलत होता, आणि जिथे आजवर कोणी थांबलं नव्हतं तिथे वॉटर्स थांबला. वॉटर्स स्वतः या कामांबद्दल बोलताना विनोदच जास्त करतो, पण मला त्या पहिल्या फोटोत विनोदाआधी मित्र दिसतो.

टीव्हीचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हा भाग टाळणं अशक्य आहे, तेव्हा दोन मिनिटं सहन करा.

तेव्हाचा टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूबचा डबा. त्यात संपूर्ण चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ रंगवत यायचा. अमेरिकन पद्धतीत एका चित्राच्या ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. त्यातही आधी एकाआड एक अशा अर्ध्या ओळी, मग उरलेल्या. त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर फार वेगाने उघडून मिटलं, तर झोताने तोवर जेवढा भाग रंगवलाय तेवढाच नीट फोटोत येतो आणि बाकी काळा पट्टा. शटर हळू ठेवलं तर पट्टा जातो, पण तेवढ्यात पडद्यावरचं माणूस हलतं.

त्यात आणखी एक गंमत. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सची. ती ३० च्या टीव्हीवर बसवायची म्हणून काही फ्रेम्स जास्त वेळ ताणल्या जातात आणि काही ठिकाणी दोन शेजारच्या फ्रेम्स एकमेकींत मिसळतात. म्हणजे टीव्हीवर थांबवलेलं चित्र ही कधीकधी मूळ सिनेमात नसलेलीच फ्रेम असते! त्यावर व्हीएचएस कॅसेटचे फिसकटलेले रंग. असा फोटो मोठा केला की कडा विरघळतात, आडव्या रेषा दिसतात, चेहरा दाणेदार होतो.

वॉटर्सने ही घाण साफ केली नाही. तांत्रिक सफाईशी त्याला देणंघेणंच नाही. फोटोकडे बघताक्षणी कळतं, की हा थिएटरातला भव्य पडदा नाही. हे घरातलं, एकट्याने, रिमोट हातात घेऊन पाहिलेलं चित्र आहे. दिग्दर्शकाच्या खुर्चीतून तो उठला आणि प्रेक्षकाच्या सोफ्यावर येऊन बसला. सगळ्या फोटोंची जागा हीच, सोफा.

कोपरं आणि कॉलर

मग त्याने हॉलिवूडकडे मोर्चा वळवला. सोपा हिशोब करा. १०० मिनिटांच्या सिनेमात सेकंदाला २४ प्रमाणे १,४४,००० फ्रेम्स असतात. आपल्याला आठवतात किती? फार तर दहा-बारा. किस, गोळी, शेवटची मिठी. उरलेल्या लाखभर फ्रेम्सचं काय?

वॉटर्स त्या उरलेल्या फ्रेम्स गोळा करतो. त्यांची रांग लावतो, एकाच लांब चौकटीत शेजारी शेजारी, आणि आपली नवीन गोष्ट तयार करतो. ‘ग्रेस केलीज एल्बोज’ या १९९८ च्या कामात काय आहे? ग्रेस केलीची कोपरं. जगातल्या सगळ्यात देखण्या म्हणवल्या गेलेल्या अभिनेत्रीचा चेहरा सोडून कोपरं! ‘लिझ टेलर्स हेअर अँड फीट’मध्ये एलिझाबेथ टेलरचे केस आणि पाय, मधली टेलर गायब. ‘पेटन प्लेस’ हा १९५७ चा गावातल्या लफड्यांवरचा गाजलेला सिनेमा. १९९३ मध्ये वॉटर्सने त्यातली माणसं आणि कथा वगळून फक्त निसर्गाची दृश्यं ठेवली. जी पाहताना प्रेक्षक पॉपकॉर्नमध्ये हात घालतो, ती.

आणि माझं आवडतं, १९९६ चं ‘डोरोथी मलोन्स कॉलर’. डोरोथी मलोन ही पन्नाशीच्या दशकातली अभिनेत्री. ‘रिटन ऑन द विंड’साठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं होतं. वॉटर्सच्या लक्षात आलं, की ही बाई कॉलर उभी करून वावरते. बस, एवढंच. त्याने त्या उभ्या कॉलरी एका रांगेत लावल्या. एक कॉलर हा योगायोग. सलग इतक्या कॉलरी दिसल्या, की तुम्ही हसता आणि मग तुम्हाला दुसरं काही दिसेनासंच होतं.

हे नुसतं चाळवणं वाटेल. पण थोडा इतिहास बघू. हॉलिवूडमध्ये ‘हेज कोड’ नावाची नियमावली होती. १९३४ पासून ती कडक पाळली गेली आणि १९६८ मध्ये तिच्या जागी आजच्यासारखी रेटिंगची पद्धत आली. त्या नियमावलीत समलैंगिकता ‘विकृती’च्या खात्यात टाकलेली होती आणि ती पडद्यावर सुचवायलाही मनाई होती. १९६१ मध्ये ही मनाई थोडी सैल झाली, पण तोवर दोन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या. म्हणजे वॉटर्ससारखा गे मुलगा थिएटरात जायचा तेव्हा कथेत त्याच्यासाठी जागाच नव्हती. हिरो त्याचा नव्हता, लग्न त्याचं नव्हतं, शेवट त्याचा नव्हता.

मग असा प्रेक्षक काय करतो? तो कडेला बघायला शिकतो. खलनायकाच्या बोटातली अंगठी, नोकराची चाल, दोन मित्रांच्या नजरेतला अर्धा सेकंद, अभिनेत्रीची उभी कॉलर. कथेने ज्याला नाकारलं, तो कोपऱ्यात घर करतो. क्वीअर प्रेक्षकांच्या कितीतरी पिढ्यांनी सिनेमा असाच पाहिला. वॉटर्सने ती खाजगी, अंधारातली सवय उचलून उजेडात, भिंतीवर लावली. ग्रेस केलीची कोपरं बघून आपण हसतो, पण त्यामागे ‘मुख्य गोष्ट कोणती हे तुम्ही कोण सांगणारे?’ हा प्रश्न उभा आहे. सेन्सॉरने एकेकाळी त्याच्या फ्रेम्स कापल्या. आता कात्री त्याच्या हातात आहे आणि तो हॉलिवूड कापतोय. १९९७ मध्ये आलेल्या त्याच्या फोटोंच्या पुस्तकाचं नाव ‘डिरेक्टर्स कट’ आहे, आणि त्या नावातला कट शब्दशः घ्यायचा.

सगळंच हसण्यावारी नाही

१९६८ मध्ये वॉटर्सने ‘ईट युवर मेकअप’ नावाच्या सिनेमात केनेडींच्या हत्येचा प्रसंग उभा केला होता आणि जॅकी केनेडी झाला होता डिव्हाइन. खरी हत्या होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. खऱ्या हत्येचं सगळ्यात प्रसिद्ध चित्रण अब्राहम झाप्रुडर या सामान्य माणसाच्या घरगुती कॅमेऱ्यात झालं होतं, आणि त्याची एकेक फ्रेम लोकांनी पुरावा म्हणून तपासलीय. वॉटर्सने १९९५ मध्ये आपल्या सिनेमातल्या फ्रेम्स रांगेत लावल्या आणि नाव दिलं ‘झाप्रुडर’. राष्ट्राचं दुःख, ड्रॅग आणि मेलेला मित्र, सगळं एका पट्टीत. हे विकृत आहे का? असेल. पण एखादी फ्रेम हजारदा दाखवून दाखवून आपण तिचं काय करतो, हा प्रश्न तुमच्या रील्सच्या काळातही तितकाच टोचतो.

२००९ चं एक काम आहे, ‘९/११’. त्यात फक्त दोन सिनेमांची शीर्षकं दिसतात : ‘डॉ. डूलिटल २’ आणि ‘अ नाइट्स टेल’. त्या सकाळच्या विमानांत प्रवाशांना दाखवले जाणार होते ते हे सिनेमे. धूर नाही, इमारती नाहीत. अंगावर काटा येतो तो त्या क्षुल्लकपणाने. कोणीतरी सीट मागे करून हे बघायला सुरुवात करणार होतं.

पण मग स्क्रीनशॉट आणि कला यात फरक काय?

एपिसोडनंतर हा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच घेतो. ‘अशी ही बनवाबनवी’ची एक फ्रेम उचलून मीम करणारा आपला ग्रुपवरचा मित्र आणि वॉटर्स, दोघं एकच करतात की!

सुरुवात एकच आहे, हे मान्य. मीममध्ये आपण सगळ्यांना ओळखू येणारी फ्रेम घेतो, कारण ती ओळखली नाही तर जोक मेला. वॉटर्स उलट्या टोकाने सुरू करतो आणि कोणालाच न आठवणारी फ्रेम घेतो. दुसरं, तो एका फ्रेमवर थांबत नाही. पाच-दहा फ्रेम्सची रांग, तिचा क्रम आणि वर एक खोडकर शीर्षक, हे तिन्ही मिळून काम पूर्ण होतं. क्रम बदला, अर्थ बदलतो. हे एडिटिंगच आहे, फक्त हालचाल काढून टाकलेलं.

आणि तो स्वतःच्या धंद्यालाही सोडत नाही. शूटिंगच्या वेळी नटाने कुठे उभं राहायचं हे कळावं म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतात. वॉटर्सने आपल्या सेटवरच्या अशा खुणांचेच फोटो काढले. नट निघून गेलाय, पट्टी उरलीय. एका कामात पॉर्न फिल्ममधले शरीराचे असे भाग आहेत, की त्याचं शीर्षक मी माइकवर घेतलं नाही आणि इथेही घेत नाही. तेही त्याने रीतसर फ्रेम केलंय.

‘पेकर’ हा त्याचा १९९८ चा सिनेमा फोटोग्राफीवरच आहे. बाल्टिमोरचा एक पोरगा सेकंडहँड कॅमेऱ्याने घरच्यांचे, शेजाऱ्यांचे फोटो काढत सुटतो. न्यूयॉर्कच्या कलाजगताला तो सापडतो, रातोरात स्टार होतो, आणि इकडे फोटोतल्या माणसांचं आयुष्य विस्कटायला लागतं, कारण आता सगळं जग त्यांना ‘मजेशीर गरीब’ म्हणून बघतंय. शेवटी पोरगा ठरवतो की न्यूयॉर्कला जायचं नाही, न्यूयॉर्कने इकडे यायचं. आणि तो उलट त्या बड्या लोकांचेच फोटो लावतो. कॅमेरा कोणाकडे तोंड करून आहे, यावर सत्ता ठरते. वॉटर्सला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तो शेजाऱ्यांची गंमत न करता ग्रेस केलीची करतो.

त्याच गावातलं म्युझियम

१९९५ पासून हे फोटो न्यूयॉर्कच्या गॅलरीत लागू लागले. २००४ मध्ये तिथल्या न्यू म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘इनडीसेंट एक्स्पोजर’ या नावाने १६० हून जास्त कामं मांडली गेली बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये. लहानपणी याच म्युझियमच्या दुकानातून त्याने मिरोच्या चित्राची प्रिंट घेतली होती. ती बघून इतर मुलं वैतागली आणि कला माणसाला चिडवू शकते हे त्याला कळलं, असं तो सांगतो. ज्या राज्याच्या सेन्सॉरने त्याच्या सिनेमांवर डोळे वटारले, त्याच राज्यातलं म्युझियम आता त्याच्या फ्रेम्सना खाली दिवे लावत होतं. २०२१ मध्ये ‘पिंक फ्लेमिंगोज’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही गेला.

माणूस मात्र सुधारला नाही. २०२० मध्ये त्याने आपल्या संग्रहातल्या ३७२ कलाकृती त्या म्युझियमला देण्याचं जाहीर केलं आणि एक अट घातली : संडासांना माझं नाव द्या. म्युझियमने दिलं. पुढच्या वर्षी ‘जॉन वॉटर्स रेस्टरूम्स’ सुरू झाली, कोणत्याही लिंगाच्या माणसाने वापरावीत अशी. उद्घाटनाला होती ‘पिंक फ्लेमिंगोज’मधली ट्रान्स अभिनेत्री एलिझाबेथ कॉफी. ऐकायला चावट जोक आहे. पण आपण कोणत्या दारातून आत जायचं हा प्रश्न ज्याला रोज पडतो, त्याला विचारा हा जोक किती गंभीर आहे.

आता तुमचा फोन काढा

ओटीटीवर सिनेमा लावून स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याच ॲप्समध्ये काळं चित्र येतं. ॲपने सिस्टिमला सांगून ठेवलेलं असतं, की ही स्क्रीन टिपू द्यायची नाही. कॉपीराइटची बाजू मला समजते. पण परिणाम असा होतो, की सिनेमातली कोणती फ्रेम आपल्या हाती लागावी हे पुन्हा दुसरंच कोणीतरी ठरवतं. आपल्याकडे येतात त्या फक्त त्यांनी प्रसिद्धीसाठी निवडलेल्या.

त्यावरचा उपाय अजूनही तोच, १९९२ चा. दुसरा कॅमेरा घ्या आणि स्क्रीनसमोर बसा. रेषा येतील, चमक येईल, तुमच्या खोलीतला ट्यूबलाइटही काचेत दिसेल. येऊ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : तुम्हाला तोंडपाठ असलेला एक सिनेमा लावा आणि त्यातल्या अशा पाच फ्रेम्स निवडा ज्यात हिरो नाही, हिरॉइन नाही, कथा पुढे जात नाही. त्यांना एका रांगेत लावा, वर एक नाव द्या. पाठवायचं असेल तर पाठवा, नसेल तर स्वतःजवळ ठेवा. त्या पाचांत तुम्ही कुठे दिसताय, तेवढं मात्र बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.